हिरवे टहाळे

कुवेतच्या खैरान किनाऱ्यावर शेजारच्या शॅलेत, म्हणजे सुट्टीच्या बंगलीत, कोणी कोळसे पेटवले, की धुराच्या वासासरशी मला धाकट्या बहिणीचा तो फोन आठवतो. ती लग्नानंतर दूरच्या एका बेटावर राहायला गेली होती. तिच्या घरामागच्या डोंगरावरची उसाची शेती बंद पडून तिथे पुरुषभर उंच परदेशी गवत माजलं होतं, आणि त्या दुपारी ते वाळलेलं गवत पेटलं. "दादा, आग खाली येतेय!" रत्नागिरीला आमच्या बागेत वणवा शिरला, की आम्ही हिरव्या टहाळ्यांनी झोडपून तो विझवायचो. कुवेतमध्ये एसीत बसून मी तोच हुकूम सोडला, "पळू नका, टहाळे तोडा." "अरे, वारा डोंगरावरून नुसता कोसळतोय, ठिणग्या रस्ता ओलांडून छपरांवर पडतायत!" "ऐक माझं," मी ओरडलो, आणि फोन कट झाला. चार तास मी नंबर फिरवत राहिलो. शेवटी तिचाच फोन आला, "मुलांना घेऊन समुद्रात उभी राहिले, म्हणून वाचलो. तुझं ऐकलं नाही मी." फोनवेळी तिच्याजवळच उभ्या असलेल्या मेहुण्यांनी मात्र ऐकलं होतं. परवा विमानतळावर भेटताच त्यांनी भाजून आखडलेले हात जोडून मला नमस्कार केला, आणि माझे हात काही केल्या वर उठेनात.