साखरपुड्याचा नारळ मी परत नेला

धामापुरात हायस्कूल नव्हतं, म्हणून वडिलांनी मला मालवणला काकांकडे ठेवलं. वडील बोटीवर नोकरीला, आई शेतात. आमच्या घरात मॅट्रिकही कुणी झालेलं नव्हतं. त्या शिक्षणासाठी मी आजही दोघांची ऋणी आहे. पण काका मारायचे, ओल्या सुंभाने. कारण लागायचं नाही. "चुकलंय", म्हणजे मी चुकले, असं आपणच आधी म्हटलं की मार लवकर थांबतो, हे मी तिथे शिकले. आईला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर शाळा सुटली असती.

पुढे कोल्हापुरात राहून बी.ए. झाले, कसालच्या शाळेत शिकवू लागले. लग्न ठरलं, साखरपुडा झाला. नवरा मुलगा एकदा घरी आला. बोलता बोलता त्याच्याच हाताने कप कलंडला आणि चहा त्याच्या पँटवर सांडला. त्याने माझं मनगट पिरगळलं. मी लगेच म्हणाले, "चुकलंय."

तो हसला. "शाणी आसस. संसार बरो चलतलो."

आईने दारातून पाहिलं होतं. तो गेल्यावर तिने विचारलं, "चाय तेणा सांडल्यान, मगे चूक तुजी कशी गो?"

वर्गात रोज प्रश्न विचारणारी मी, आज उत्तर द्यायची पाळी माझी होती. मग मालवणचं सगळं सांगितलं. काकांच्या माराने मला पुढच्या मारासाठी तयार करून ठेवलं होतं, हे सांगता सांगता माझं मलाच कळत गेलं. आई रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "तुका तो होयो?"

"नको."

लग्न मोडायचं तर साखरपुड्याचा नारळ आणि साडी घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाने परत न्यायची. वडील बोटीवर, म्हणजे काकाच. ते येऊन आईवर ओरडले, "कालेजात धाडलास, आता डोक्यार मिरयो वाटता!"

नेहमीचा शब्द ओठांवर आला, तो गिळला. म्हटलं, "काका, तुमी नाय गेलास तर मी जातंय."

नारळ आणि साडी घेऊन सकाळच्या एस.टी.ने त्याच्या घरी गेले. मुलाची आई अंगणात आली. "पुरुषमाणूस कोण नाय?"

"नाय. मीच इलंय. तुमच्या झिलान माजो हात पिरगळल्यान."

हे मी मोठ्याने सांगितलं. शेजारी भात वाळत घालणाऱ्या बायका थांबून ऐकत होत्या. पदवी मिळाली तेव्हा मला आनंद झाला होता. अभिमान वाटला तो त्या अंगणात.