बावनथडीत फेकलेली बाटली

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी दुकानातल्या गिऱ्हाइकांची सगळी लफडी सांगत असतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या घरी येणार नाही, वहिनीच्या हातचा चहा घेणार नाही. म्हणजे सांगतानासुद्धा मी सोयीचाच माणूस निवडला. सवय जात नाही.

आमचं तुमसरला साड्यांचं दुकान. आजोबांपर्यंत घरात हातमाग चालायचे. बापाने माग मोडून दुकान थाटलं आणि आम्ही स्वतःला शेठ समजू लागलो. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन थोडी वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. गावात नवीनच खूळ शिरलं होतं — घर केवढंही असो, फाटकावर ‘कुत्र्यापासून सावधान’ पाहिजे. आणि कुत्रा गावठी चालायचा नाही. ज्यांना स्वतःच्या पणजोबाचं नाव आठवत नाही, ते कुत्र्याचं खानदान सांगत बसायचे. मी त्यांना हसायचो. मग समोरच्या सराफाकडे अल्सेशियन आला आणि माझं हसू बंद झालं.

दादाची पिंकी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. तिला मी सगळ्यांदेखत सांगून टाकलं — असा कुत्रा आणतो, ज्याचे आईबाप विमानातून आले. का सांगितलं? ती पोरगी तर गावठी पिल्लावरही खूश झाली असती. विमान मला पाहिजे होतं.

साड्यांच्या कामाने मी मध्य प्रदेशात वारासिवनीला जायचो. तिथे एक जण घरामागे पिल्लं विकायचा. फाटकं बनियन, तोंडात गुटखा. अशा माणसाशी मी नाक वर करूनच बोलतो. पिल्लू मात्र नजरेत भरलं. काळं-तांबूस अंग, लोंबते कान, पोट टम्म. मी ते उचललं तर तो म्हणाला, “सेठ, पेट में कीड़े हैं। माँ से ही आते हैं। ये दवा पिला देना, पंद्रह दिन बाद फिर से।” आणि त्याने एक लहानशी बाटली माझ्या हातात दिली. म्हणजे फसवणारा तो नव्हता. हे लक्षात ठेवा.

मोटारसायकलच्या हँडलला पिशवी, पिशवीत पिल्लू. बपेऱ्याच्या अलीकडे, बावनथडीच्या पुलावर त्याने ओकारी केली. मी थांबलो. ओकारीत जंत होते — पांढरे, शेवयांसारखे, जिवंत. मी ते चपलेने पुलाखाली लोटले. आणि विचार काय केला? औषध आत्ताच पाजावं, असा? नाही. घरी काय सांगायचं, असा. सगळी इंजेक्शनं झालेला, विमानवाल्यांचा वंशज — आणि सोबत जंताची बाटली? दादा विचारेल, सराफ दात काढेल. मी बाटली नदीत फेकली. बुडताना दिसलीसुद्धा. पुलाच्या त्या टोकाला मध्य प्रदेशातलं आजारी पिल्लू होतं, या टोकाला ते विदेशी झालं. एवढा सोपा धंदा होता.

घरी सगळ्यांनी त्याचं पोट थोपटून पाहिलं. काय खातंपितं पिल्लू आहे, म्हणाले. मीही म्हणालो. नाव ठेवलं रॉकी. पिंकी त्याला घेऊन अंगणभर फिरायची, आणि त्याची घाण काढायची वहिनी. वहिनी एकोडीची, धानाच्या शेतातून आलेली. मी तिला चारचौघांत ‘एकोडी’ म्हणूनच हाक मारायचो आणि त्याला विनोद समजायचो. रॉकीला दूधभात तीच द्यायची. त्यात गुळाचा खडा कुस्करायची. माहेरी वासरांना द्यायचे, तसा.

मग रॉकीची कांती गेली. हगवण लागली, ओकाऱ्या सुरू झाल्या, पोट तेवढं फुगलेलं राहिलं. जनावरांचा दवाखाना दुकानापासून हाकेच्या अंतरावर होता. मी रोज त्याच्यासमोरून जायचो. पण डॉक्टर पहिला प्रश्न काय विचारणार? जंताचं औषध दिलं का. दादासमोर काय सांगणार होतो मी? घरी सांगत राहिलो, विदेशी जात आहे, हवापाणी मानवायला वेळ लागतो. आणि लोकांनी ते ऐकून घेतलं, कारण शेठ बोलत होते.

एका सकाळी रॉकी अंगणात मेलेला सापडला. त्याच्या खाली जंत पडले होते, सगळ्यांना दिसतील असे. पिंकी रडत होती. दादाने माझ्याकडे नुसतं पाहिलं. तेवढ्यानेच माझी फाटली.

तुम्हाला माहीत असेल, आमच्याकडे पोरगं झोपेत दात खायला लागलं की घरातली बाई आधी गुळाचा डबा लपवते. गोडाने जंत होतात, हे आमच्याकडे शिकलेलाही मानतो. जंत कुठून येतात ते मला त्या गुटखेवाल्याने सांगितलं होतं. त्या अंगणात ते माहीत असलेला मी एकटाच माणूस होतो. आणि मी काडीने ते जंत उकरून दाखवले आणि मोठ्याने विचारलं, “याले गूळ कोन चारला?”

वहिनीचा हात पदरात गेला. “थोडासाच रायत होता, भाऊजी,” ती म्हणाली.

“थोडासाच! तुमीच मारलं त्याले.”

पिंकीने आईकडे पाहिलं. ती नजर मी घडवली, मी. तिने कित्येक महिने आईच्या हातचा घास घेतला नाही. ताट आपल्या हाताने वाढून घ्यायची आणि पाठ फिरवून जेवायची. पुढे राग गेला, गंमत राहिली. घरात कोणाचं पोट बिघडलं की कोणीतरी म्हणणार, “वहिनीनं गूळ देला असन.” पहिला हसणारा मी. वहिनीसुद्धा हसायची. मला तेव्हा वाटायचं, बघा, तिला काही वाटतच नाही. गावंढळ बाई. किती निर्लज्ज माणूस असतो हो — ज्याला बुडवलं त्यालाच कातडी जाड आहे म्हणतो.

आता पिंकी नागपूरला असते. या संक्रांतीला मुलाला घेऊन आली होती, दीड वर्षाचा आहे. वहिनीने तिळाचे लाडू केले होते. नातू तिच्या मांडीवर बसला होता. त्याने ताटाकडे हात केला आणि मग तिच्या तोंडाकडे पाहिलं. वहिनीने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

“पिंके, तूच दे वो त्याले,” ती म्हणाली.

पिंकी उठली, तिने एक लाडू फोडला आणि कण-कण करून मुलाला भरवला. वहिनी हात मागेच धरून, मान पुढे काढून, तो कसा खातो ते बघत होती. मी शेजारीच बसलो होतो. ती बाटली माझ्या जिभेपर्यंत आली होती, असं मला म्हणता आलं असतं. आली नव्हती. मी ताटातला दुसरा लाडू उचलला.