निर्गुडीचा खुटा

ऐंशी साल अजून यायचं होतं. मोहाडीकडच्या आमच्या घरी धान साठवायच्या ढोलीत कीड लागू नये म्हणून निर्गुडीचा पाला टाकत, आणि तो दरवर्षी कोणाकडून तरी मागून आणत. मला मागणं जमत नाही. मी माहेराहून काड्याच आणल्या आणि वाडीत लावल्या.

पण सासरचे सगळे धानवाले. बांधीत, धानाच्या खाचरात, पाणी उभं दिसलं की यांच्या जिवात जीव येतो. सासूबाई येता-जाता काड्यांवर घागर रिकामी करत. मी चिडले की म्हणत, "तहान लागली असन ना बाई त्याइले!" श्रावण सरेपर्यंत काड्या कुजल्या.

एक जाड काडी उरली होती. सासऱ्यांनी ती गोठ्यामागच्या मुरमाड जागेत शेळी बांधायला खुटा म्हणून ठोकली. खुट्याला कोण पाणी घालतं? त्यालाच पालवी फुटली. कडू पाल्याला शेळीनंही तोंड लावलं नाही.

पुढे एका वर्षी पावसानं दगा दिला, बांध्या भेगाळल्या. निर्गुडी मात्र निळसर तुऱ्यांनी भरली. मधमाश्यांनी झुडूप नुसतं गुणगुणत होतं. तिथून मधमाश्या न्हाणीच्या पाण्यावर जगलेल्या कोहळ्याच्या वेलावर जात. एरवी नुसतीच फुलं गाळणारा तो वेल त्या वर्षी फळांनी वाकला.

शेजारीण काडी मागायला आली. सासूबाईंनी स्वतःच्या हातानं तोडून दिली आणि बजावलं, "ने. पन जास्त मया नोको करू तिच्यावर."