घरात न बोलायचा प्रश्न

महाराष्ट्र झाला त्याच्या आसपासची गोष्ट. तुळजापुरात आमचं पुजाऱ्याचं घर, म्हणजे बारा महिने पाहुण्यांचं. गावोगावचे यजमान देवीला यायचे, आमच्याकडं उतरायचे, आणि मी घरची थोरली सून, म्हणजे चुलीपुढं. त्या वर्षांचं मला आधी काय आठवत असेल तर माझा थकवा. कंबर भरून आलेली असायची आणि ओसरीवर आणखी एक पंगत बसलेली असायची.

या पाहुण्यांत पुष्कळदा मनानं मोडलेलं एखादं माणूस असायचं. कुणी बोलायचं थांबलेलं, कुणी रात्रंदिवस रडणारं. त्यांना देवीपुढं नेऊन आणायचे, आणि उरलेला दिवस ती माणसं आमच्या ओसरीवर. गल्लीतल्या एका घरी उतरलेल्या अशाच एका बाईनं आडात उडी घेतली, तेव्हा ब्लॉकच्या नर्सबाईंनी आम्हा पुजाऱ्यांच्या बायकांसाठी शाळेत दुपारचा वर्ग लावला. शिकवायला सोलापूरहून एक डॉक्टरीणबाई एस.टी.नं यायच्या. मी गेले ते शिकायच्या हौसेनं नव्हे. दुपारी दोन तास बसायला मिळेल म्हणून गेले.

बाईंनी सांगितलं ते ऐकायला सोपं होतं. अशा माणसाला कोंडू नका, एकटं सोडू नका, उपदेश करू नका. इथवर आम्ही माना डोलावल्या. पुढं त्या म्हणाल्या, त्याला सरळ विचारायचं, तुला मरावंसं वाटतंय का. तसे अख्ख्या वर्गाचे पदर तोंडाला गेले.

आमच्याकडं डाळ संपली तरी वाढली म्हणायचं. बांगडी फुटली तरी वाढलीच. घरातून निघताना जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं. वास्तुपुरुष घरात बसून तथास्तु म्हणत असतो, त्याच्या कानावर अभद्र पडू द्यायचं नाही, हे आम्हाला बोलायला लागल्यापासून शिकवलेलं. आणि ही बाई मरण तोंडानं काढायला सांगत होती. एकीनं चाचरत विचारलं, दिवेलागणीला असलं कसं बोलावं? बाई म्हणाल्या, मग दुपारी बोला.

मग त्यांनी आमच्या जोड्या लावल्या आणि एकमेकींना विचारायला लावलं. सगळ्या जणी एकच म्हणत होत्या, मनात काही वाईटसाईट येतं का? बाईंना ते चालेना. म्हणाल्या, दूध उतू गेलं तरी वाईटसाईटच की. शब्द बोला. विचारल्यानं कुणी मरत नाही, न विचारल्यानं मरतं. मी शब्द बोलले. बोलून झाल्यावर पदराआड शिव शिव म्हटलं.

हे सगळं पाहुण्यांसाठी आहे, असंच मी धरून चालले होते.

घरात माझे धाकटे दीर होते. निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले, तहसिलीत कारकून. त्यांच्या हातची उर्दू बघायला माणसं थांबायची म्हणे. राज्यं बदलली आणि कचेरीचा कारभार मराठीत आला. मराठी बोलायला अडचण नव्हती, पण लिहायला बसले की हात पोरासारखा चालायचा. वरचा साहेब सगळ्यांदेखत त्यांचा कागद परत करायचा. हळूहळू त्यांनी कचेरीत जाणं सोडलं, मग माणसांत बसणं सोडलं. वर्षभर मागच्या पडवीत भिंतीकडं बघत असायचे.

आणि एका पौर्णिमेच्या आधी ते एकदम बरे झाले. दाढी केली. घड्याळ काढून यांच्या हातावर बांधलं, आपला काळा कोट पुतण्याला दिला. सासूबाईंनी देवीची ओटी भरली. लेकराचं मन मोठं झालं, असं त्या भेटेल त्याला सांगत होत्या.

मला मात्र वर्गातलं आठवलं. बरेच दिवस खचलेलं माणूस एकाएकी शांत होऊन आपल्या वस्तू वाटायला लागलं, तर त्याला त्याच दिवशी विचारा, असं बाई म्हणाल्या होत्या. खरं सांगायचं तर त्या दुपारी मला कुणालाच काही विचारायचं नव्हतं. तीन पंगती उठल्या होत्या, मला आडवं व्हायचं होतं. तरी खरकटे हात धुतले आणि पडवीत गेले.

आधी तेच केलं, जे वर्गात सगळ्यांनी केलं होतं. विचारलं, मनात काही वाईटसाईट येतं का? ते हसले. सगळं बरं हाय, म्हणाले. मी उठलेही होते. मग पुन्हा बसले.

"भावजी, मरावं वाटायलंय का तुम्हाला?"

त्यांनी वर बघितलं. म्हणाले, "व्हय. पुनव झाली की. पावणे गेल्यावर. तुमच्या धांदलीत आणखी घोळ नको म्हणून थांबलो, वहिनी."

मला रडू आलं. माझ्या कामाची एवढी काळजी त्या घरात दुसऱ्या कुणी केली नव्हती, आणि केली ती अशी. उपदेश करायचा नाही, हे लक्षात होतं, म्हणून नुसती बसून राहिले. ते बोलत गेले, पाहुणे चहासाठी हाका मारत राहिले.

संध्याकाळी यांना सांगितलं. यांनी आडाचा दोर काढला, मग पाणी कशानं शेंदायचं म्हणून पुन्हा बांधला. शेवटी ठरलं की भावजींना एकटं ठेवायचं नाही. वर्गातल्या दोघी शेजारणी कापूस घेऊन यायला लागल्या. वाती वळायला तुमची पडवी बरी, एवढंच म्हणायच्या. बाकीचा वेळ मी. रोज विचारायचं, रोज ऐकायचं, आणि मग उठून पुरण वाटायचं. कधी व्हय म्हणायचे, कधी आज न्हाय. ते आज न्हाय ऐकायलासुद्धा अंगात त्राण लागतं.

सासूबाईंनी त्या दुपारी दाराआडून सगळं ऐकलं होतं. त्यांनी पडवीत गोमूत्र शिंपडलं आणि माझ्याशी बोलणं टाकलं. माझ्या घरात माझ्या लेकाचं मरण काढलं, असं त्या पाहुण्यांनाही सांगायच्या. भांडायला माझ्यात ताकद नव्हती.

असे दोनेक महिने गेले असतील. एका दुपारी मी पडवीत बसल्या बसल्या डुलत होते. सासूबाई आल्या, माझ्या खांद्याला हात लावला. म्हणाल्या, "ऊठ. पड जा जरा. म्या बसते."

मी उठून आतल्या खोलीत जमिनीवर अंग टाकलं. बाहेर त्या लेकापुढं बसल्या. बराच वेळ त्यांच्या बांगड्यांचा आवाज येत होता, शब्द येत नव्हता. मग भाकरी वाढू का विचारावं तशा आवाजात त्यांनी विचारलं, "बाळा, आज मरावं वाटायलंय का रं?"

ते काय म्हणाले, हे मी ऐकलं नाही. मला झोप लागली होती.