रविवारचा सेमीकोलन

आमच्या मराठी मंडळाच्या वाचनालयाचा कॉम्प्युटर प्रोग्रॅम माझ्या पोट्ट्याने लिहिला. तो बंगळुरूले राहतो, त्याच्याजवळ मॅक. मंडळाच्या ऑफिसात विंडोज. आणि गुढियारी मोहल्ल्यातल्या माझ्या घरी लिनक्स, काहून की मी नोकरीभर पॉलिटेक्निकच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये होती आणि पोरांले तेच शिकवलं.

म्हणजे प्रोग्रॅम एक आणि घरं तीन. प्रोग्रॅमची भाषा पीएचपी. तिच्यात पुस्तकं मराठी अक्षरांच्या क्रमाने लावायची तर एक एक्स्टेंशन, म्हणजे जादाची पुरवणी, जोडावी लागते. मुखपृष्ठांचे फोटो लहान करायचे तर दुसरी. आणि त्या पुरवण्यांचं मिक्सरच्या भांड्यासारखं आहे, एका कंपनीचं भांडं दुसऱ्या कंपनीच्या मिक्सरवर बसत नाही. मॅकवर जे सहज चालते, त्याच्यासाठी विंडोज वेगळी फाईल मागते आणि लिनक्स वेगळं पॅकेज. पोट्टा तिकडे काही नवीन करायचा आणि इकडे मंडळात पुस्तकांची यादी बंद पडायची.

रविवारी वाचनालय उघडायचं काम माझ्याकडे. सकाळी दहाले त्याचा फोन यायचा, तो तिकडूनच मंडळाची स्क्रीन उघडायचा आणि तास-दीड तास आम्ही दोघं मिळून ते भांडं बसवायचो. मी मराठीत बोलायची, तो हिंदीत उत्तर द्यायचा, इकडे शाळा हिंदीच, त्यामुळे लहानपणापासून तसंच आहे. यजमान गेल्यापासून घरात आवाज म्हणजे कुकरचा आणि लांबून मालगाडीचा. तो दीड तास मले आठवडाभर पुरायचा, खोटं काहून सांगू.

पण मी काही अडाणी नाही. दोन वर्षांत सगळं वहीत उतरवून घेतलं, कोणती फाईल कोणत्या फोल्डरमध्ये, सेटिंगमधली कोणती ओळ कुठे. तिन्ही ठिकाणी सगळं नीट बसलं. बिघाड संपला आणि रविवारचा फोनही संपला. दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी मीच लावला, तर त्याने विचारलं, कुछ टूटा क्या? नाही म्हटलं तर म्हणे, ठीक है, बाद में करता हूँ. ते बाद में काही आलं नाही.

मले राग आला. त्याचा नाही, त्या नीट चालणाऱ्या कॉम्प्युटरचा. मी सेटिंगची फाईल उघडली आणि अक्षरांच्या पुरवणीच्या ओळीपुढे एक सेमीकोलन टाकला. सेमीकोलन टाकला की ती ओळ असून नसल्यासारखी होते. यादी बंद. फोन करून म्हटलं, पुन्हा गेलं रे. दहा मिनिटांत पोट्टा हजर.

मग काय, चटकच लागली. दर रविवारी साडेनऊले सेमीकोलन, दहाले फोन. तो दर वेळी शोधून काढायचा आणि शांतपणे समजवायचा की ही ओळ छेडू नको. मी हव हव करायची. जिने अख्ख्या लॅबले कंपायलर शिकवला, ती बाई "सेमीकोलन म्हणजे काय रे" असं विचारून राहिली होती. लाज वाटायची. पण रविवार आला की लाज बाजूले राहायची.

हळूहळू तो आणखी काही विचारू लागला. आज कोणता वार, काल काय जेवली, शेजारणीच्या सुनेचं नाव काय, पंडरीच्या कापडबाजारात गेली तर काय आणलं. मले वाटलं, पोट्टा सुधारला, आईची चौकशी करून राहिला. मी मुद्दाम लांबवायची. "थांब, आठवू दे," म्हणायची, तेवढाच तो आणखी दोन मिनिटं थांबायचा. मग चादरीच्या रंगावरून दुकानदारासोबत झालेलं भांडण पूर्ण सांगायची.

उन्हाळ्यात तो दोन दिवसांसाठी आला आणि दोन्ही दिवस मंडळाच्या ऑफिसात बसला. सगळं त्याने एका कंटेनरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरातल्याच एका डब्यात, बंद केलं. प्रोग्रॅम, भाषा, पुरवण्या, सगळं एकत्र. विंडोज असो का लिनक्स, आत सगळीकडे तेच. "अब तुमको कुछ याद नहीं रखना पड़ेगा," तो म्हणाला, आणि कोणतं बटण दाबायचं ते मोठ्या अक्षरांत लिहून कागद स्क्रीनच्या वर चिकटवला. तो कागद माझ्या मनाले फार लागला. पण त्याले घाई होती, विमान होतं.

त्यानंतर काहीच बिघडलं नाही. पाच रविवार. सहाव्या रविवारी मी त्या कंटेनरची फाईल उघडली. तो मोडणंही मले काही जड नव्हतं. बोट बटणावर ठेवलं, उचललं, आणि फोन लावला.

"कुछ टूटा क्या?"

"काही बिघडलं नाही," मी म्हटलं. "कंटेनरच्या आधीही कितीतरी महिने बिघडत नव्हतं. तो सेमीकोलन मीच टाकायची. तुझा फोन यावा म्हणून."

मले वाटलं, आता चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं.

"आई, आज कौन सा वार है?"

"रविवार. काहून?"

"कल क्या खाया था?"

"झुणका. हे काय विचारून राहिला तू?"

तो रडत होता. मग त्याने तुटक तुटक सांगितलं. इतके महिने त्याले वाटून राहिलं होतं की मी विसरायले लागली, माझं डोकं जाऊन राहिलं. तिकडे एका डॉक्टरकडे जाऊन आला होता, ते प्रश्न त्या डॉक्टरने दिले होते. माझं प्रत्येक "थांब, आठवू दे" त्याने तारखेसकट लिहून ठेवलं होतं. दुसऱ्या कोणाजवळ बोलला नाही. मले काही आठवावं लागू नये म्हणून तो कंटेनर केला होता.

वाचनालयाच्या दारात एक आजोबा पुस्तक बदलायले उभे होते, त्यांले हातानेच बसा म्हटलं.

"मले सगळं आठवते," मी म्हटलं. "तू कोणत्या रविवारी किती वाजता फोन केला, तेही."

"सांग," तो म्हणाला. मराठीत.

मी पहिल्या रविवारपासून सांगायले लागली.