कौल एकाला, चिठ्ठी दुसऱ्याला : मालवणातल्या एका संपलेल्या वॉर्डाची नारळी पौर्णिमा

मामीचा फोन आला तेव्हा माझ्या रजेचे नियोजन वेगळेच होते. ती म्हणाली, "मामांच्या घशाचा ऑपरेशन झाला, आवाज गेलो. औंदा वॉर्डाचा गाऱ्हाणा कोण घालतलो? तू ये." मी तिला आठवण करून दिली की तो वॉर्ड फेररचनेत कधीच रद्द झाला आहे. "ता सरकाराक सांग. दर्यात नारळ अजून एकच जाता. औंदा गाऱ्हाणा झाला नाय तर फुडल्या वर्षी दोन जातले," असे म्हणून तिने फोन ठेवला.

म्हणून श्रावणात मालवण. या दिवसांत जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी दोन सूचना : किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात आणि ताजी मासळी बेताचीच मिळते. या दोन गोष्टींसाठी जाणार असाल तर दिवाळीनंतर जा. हिरवे डोंगर आणि रिकामे रस्ते हवे असतील तर आत्ताच जावे. मी पुण्याहून पहाटे निघालो आणि कोल्हापूर सोडून फोंडा घाटाने उतरलो. घाटात धुके होते, म्हणून दिवे लावून सावकाश. कणकवलीत वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ खाल्ली. दोन माणसांचे खाणे एकट्याने खाल्ल्यावरही बिल दोनशेच्या आत राहिले. पुढे कसाल, कट्टा, चौके. चौक्यानंतर रस्त्याला खड्डे आहेत. पोटभर जेवून निघालेल्यांनी याची नोंद घ्यावी.

मामांचा जुना वॉर्ड चालत पाहण्यासारखा आहे. एका टोकाला व्हाळ, म्हणजे ओढा; दुसऱ्या टोकाला होड्या ओढून ठेवायची जागा; मध्ये एक लांब पाणंद आणि तिच्या दोन्ही बाजूंना माडांतली घरे. फेररचनेत सीमारेषा नेमकी या पाणंदीतून गेली. उत्तरेकडची घरे एका प्रभागात, दक्षिणेकडची दुसऱ्या. मामांचे घर उत्तरेला आणि त्यांची विहीर पाणंदीपलीकडे, त्यामुळे मामी रोज एका प्रभागातून दुसऱ्या प्रभागात पाणी भरायला जाते.

या वॉर्डाचा शेवटचा नगरसेवक म्हणजे माझे मामा. समोरच्या घरातले बाबलकाका त्यांचे बालमित्र आणि त्या निवडणुकीतले प्रतिस्पर्धी. दोघांना सारखीच मते पडली. नियमाप्रमाणे निकाल चिठ्ठीने लागणार होता. परंतु त्याआधी दोघांनी जाऊन वॉर्डाच्या राखणदाराला कौल लावला. राखणदार म्हणजे व्हाळाकाठचा पाषाण, त्या वस्तीचा रक्षक देव. त्याच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतात. ज्याची पाकळी आधी पडेल त्याच्या बाजूने देव. पाकळी बाबलकाकांची पडली. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी मामांची निघाली, आणि मामा खुर्चीवर बसले.

मामांचे म्हणणे, कायदा चिठ्ठीचा आहे. बाबलकाकांचे म्हणणे, मग देवाला कशाला उठवले? पुढच्या निवडणुकीत निकाल लागला असता, पण त्याआधी वॉर्डच गेला. तेव्हापासून दोघे समोरासमोरच्या पडवीत बसतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. वॉर्डाचा एकत्र नारळ मात्र दर नारळी पौर्णिमेला समुद्रात जातो. निघण्याआधी राखणदारासमोर गाऱ्हाणे, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने घातलेले साकडे, मामा घालत आले. दोन्ही प्रभागांतल्या तरुणांचे आता आपापला नारळ वेगळा न्यावा असे चालले होते.

मी शिस्तीने मजकूर तयार केला, शुद्ध भाषेत, मुद्देसूद. संध्याकाळी मामांना वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला आणि हात जोडले. ते देवाला की मला, हे कळले नाही.

पौर्णिमेला दुपारी सगळे व्हाळाकाठी जमले, उत्तरेचे उत्तरेला आणि दक्षिणेचे दक्षिणेला. सोन्याचा वर्ख लावलेला नारळ मधोमध. मी चष्मा लावून कागद उघडला.

"हे श्रद्धास्थान राखणदार देवा, उपस्थित सर्व रहिवाशांच्या वतीने—"

"अरे, गाऱ्हाणा घालतंस की सोसायटीची मीटिंग?" दक्षिणेकडून आवाज आला. बाबलकाका. "देव काय क्लार्क आसा, कागद वाचून दाखवक? सर थंयसून!"

ते पुढे आले आणि मला हाताने बाजूला सारले. मामांकडे त्यांनी पाहिलेही नाही.

"बा देवा राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दोन्ही बाजू एकदम.

"तू कौल माका दिलंस, सरकारान चिठी तेका दिल्यान!"

सगळ्यांच्या माना मामांकडे वळल्या. मग कोणीतरी हसले आणि सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!"

"तेना वॉर्ड चलवल्यान, मी पडयेत बसून तेका गाळी घातलंय!"

"व्हय म्हाराजा!"

"मगे वॉर्डच गेलो. आता तो कौल ठेवून मी काय करू? तो माझो कौल तू परत घे, आणि तेचो आवाज तेका परत दी म्हाराजा!"

त्या आरोळीत मला शेजारून एक खरखरीत, फाटका सूर ऐकू आला. मामा. "व्हय म्हाराजा."

"गप रवा!" मामी डोळे पुसत ओरडली. "डॉक्टरान बोलूक नको सांगल्यान मां?"

नारळ एकच गेला. बाबलकाका आणि मामा दोघांनी मिळून तो पाण्यात सोडला. मागे कोण उत्तरेचा, कोण दक्षिणेचा, हे त्या गर्दीत मला तरी ओळखता आले नाही. परतताना मामीने खापरोळ्या, म्हणजे नारळाच्या गोड रसात बुडवून खायचे जाड घावन, बांधून दिल्या आणि सहज म्हणाली, "तू कागद वाचतलंस ह्या मीच बाबलाच्या बायलेक सांगललंय. तेका ता सोसाचा नाय, माका म्हायत होता."

पुण्यात परत येऊन आठवडा झाला. खापरोळ्या पहिल्याच संध्याकाळी संपल्या. अशा वस्तीत गेलात तर नकाशापेक्षा नारळ कोणाबरोबर जातो ते आधी पाहा. काल मामीचा फोन आला. बाबलकाका आता रोज संध्याकाळी पाणंद ओलांडून मामांच्या पडवीत येतात आणि चिठ्ठी खरी की कौल खरा यावर भांडतात. मामांना अजून आवाज नाही, म्हणून ते काठी आपटतात. हरत कोणीच नाही, असे ती म्हणाली, आणि चहा मात्र तिला दोनदा ठेवावा लागतो.