शकूचं ‘रा’

गाव सोडताना रडायचं नाही, असं मी ठरवलं होतं. त्या नादात चुकीच्या बसमध्ये बसलो.

मोडनिंबच्या फाट्यावर बस येऊन थांबली तेव्हा डोळे भरलेले होते. पाटी वाचायची तर डोळे पुसायला हवेत, आणि पुसावेत तर ते आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दिसणार. तेव्हा न पुसता, न वाचता, बायको, तीन वर्षांची शकू, ट्रंक, वळकटी आणि बाजरीचं गठुडं असं सगळं आत कोंबलं. खिडकीतून पोटभर हात हलवून झाले. मग ऐटीत म्हणालो, “दोन सोलापूर.” कंडक्टर म्हणाला, “ही बार्शीला चाललीया, पाव्हणं.”

गावात सगळ्यांची पत्रं वाचून दाखवणारा मी. पुढच्या वळणावर उतरलो, ट्रंक डोक्यावर घेतली आणि वरात उलटी निघाली. फाट्यावर येऊन बघतो तर आप्पा बाभळीखाली तसेच उकिडवे बसलेले. बस गेल्यावर तिथं बसून राहायचं काही कारण नव्हतं, पण बसले होते.

“आलास?” आप्पा म्हणाले. “लई दिस काडलंस की सोलापुरात.”

बायकोनं तोंडाला पदर लावला. दुसऱ्या बसला आप्पांनीच पुढं होऊन कंडक्टरला गावाचं नाव विचारलं आणि मगच आम्हाला चढू दिलं. त्या खेपेला कुणालाच रडू आलं नाही. सगळं रडणं बार्शीच्या बसनं पुढं गेलं होतं.

तुमच्यापैकी जे गावातच राहिलात त्यांना वाटत असेल, गेली माणसं नि सुटली. आणि जे माझ्यासारखे निघालात त्यांना ठाऊकच आहे, काय सुटतं ते. दोन वर्षं पाऊस नव्हता, विहिरीचा तळ दिसत होता, आणि नव्या पेठेतल्या एका कापडदुकानात गज धरायचं काम मिळत होतं. न जाऊन काय करता? आप्पांना म्हटलं, चला. आई माझ्या लग्नाआधीच गेलेली, मागं ते एकटेच. आप्पा म्हणाले, “आन शेरडं? ती काय माज्या मागनं यष्टीत बसत्यात व्हय?” शकू तेव्हा दिवसभर त्यांच्याच खांद्यावर असायची. संध्याकाळी शेरडं गोठ्यात घेताना आप्पा हाक द्यायचे, तशीच ही खांद्यावरून द्यायची. तिला आई-बापापेक्षा शेरडांची नावं जास्त येत.

सोलापुरात आम्हाला खोली मिळाली ती विणकरांच्या चाळीत. पलीकडे नरसव्वाचं बिऱ्हाड. नवरा मागावर, आणि ही दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळणारी. घरात तेलुगू, आमच्याशी मोडकं मराठी. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या बायकोला हाक मारली, “रा अम्मा, रा.” आता आमच्याकडं ‘राहा’मधला ‘ह’ केव्हाच गळून पडलाय. रा म्हणजे राहा, थांब. बायको उंबऱ्याबाहेर थांबली. नरसव्वा पुन्हा म्हणाली, “रा, रा.” बायको आणखी ताठ थांबली. बिचारी नरसव्वा हातानं बोलवून बोलवून दमली तेव्हा उलगडा झाला, की तिचं ‘रा’ म्हणजे ‘ये’. त्यानंतर कितीतरी दिवस चाळीत आमची ओळख ‘रा म्हटलं की थांबणारी’ अशीच होती.

शकूला मात्र काही उलगडून सांगावं लागलं नाही. मागाच्या खटखटीवर ती दुपारी झोपायची आणि उठून थेट नरसव्वाच्या दारात. तिथल्या पानांची कात्रणं गोळा करून ती आपल्या विड्या वळायची, तोंडात जीभ धरून. पाण्याला ‘नीळ्ळू’ म्हणू लागली, नको असलं की ‘वद्दू’. मी दुकानातून येताना गल्लीच्या तोंडाशी दिसलो, की हात हलवून ओरडायची, “दादा, रा!” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी जागच्या जागी थांबलो. काही सवयी बापाच्या जात नाहीत.

फ्रॉक आखूड होत गेले. बालवाडीत जाताना रडायची ती रडायची थांबली, आणि ज्या दिवशी थांबली त्या दिवशी मलाच करमेना. तिचं ‘हाय-न्हाय’ जाऊन ‘आहे-नाही’ आलं. मी दुकानात गिऱ्हाइकांपुढं तेच बोलायला धडपडत होतो नि ते पोरीला फुकटात आलं. अभिमान वाटायचा, आणि त्याच घासाला कुठंतरी खडा लागायचा. वर्षभरात ती एकाही शेरडाचं नाव सांगेनाशी झाली. आप्पांचं काय उरलं असेल तिच्याजवळ, हे मी तिला विचारायचं टाळत होतो.

दिवाळीला गावी गेलो. पहिला सगळा दिवस शकू आईच्या पदराआड. आप्पांनी तिला एकदाही ओढलं नाही, आपलं काम करत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर खांद्यावर. संध्याकाळी ती अंगणात उभी राहून शेरडांना हात करत होती, “रा, रा.” शेरडं आपल्या जागी उभी. आप्पा मला म्हणाले, “बग, पोर रावा म्हनली की कशी रात्यात. तुजं तरी कवा ऐकलं हुतं का?” शकू पाय आपटत होती. मी हसत बसलो, अर्थ सांगितला नाही. म्हातारा खूश होता.

निघायच्या आदल्या रात्री पुन्हा तेच. आप्पा, चला आता. “बगू की,” आप्पा म्हणाले. आमच्या घरात ‘बगू की’ म्हणजे न्हाय.

फाट्यावर सकाळी आप्पांनी विचारलं, “ह्या खेपंला पाटी वाचलीस न्हवं?” वाचली होती. सोलापूरच होतं. शकूनं पिंपळाच्या पानाची एक विडी वळून त्यांना दिली होती, ती त्यांच्या कानावर होती. आम्ही चढलो, आणि शकूच्या तेव्हा ध्यानात आलं की आप्पा खालीच आहेत. खिडकीच्या गजातून हात काढून ती ओरडायला लागली, “आप्पा, रा! रा की! आप्पा, रा!”

आप्पा खिडकीखाली आले. तिच्या मुठीवर त्यांनी हात ठेवला.

“रातो की गं,” ते म्हणाले. “मी कुटं जातोय? रातो.”

मी गजाशी तोंड नेऊन ओरडलो, “आप्पा, ती या म्हणतीया, या!” पण गाडीनं हिसका दिला, धूळ उठली, आणि कानावरची विडी सांभाळत आप्पा मागं मागं गेले.

दुकानात कुणी गाव विचारलं तर मी अजून मोडनिंब सांगतो. शकूला घर कुठं विचारलं तर ती नरसव्वाचं दार दाखवते. दोघांचंही खरंच आहे. फक्त त्या दोन घरांच्या मधे एक माणूस उकिडवा बसलेला असतो, हे मला दिसतं आणि तिला हळूहळू दिसेनासं होणार, एवढाच काय तो फरक.

त्या दिवशी गाडीत शकू रडून रडून झोपली. मी स्वतःची समजूत घालत बायकोला म्हणालो, “आप्पांना बिचाऱ्यांना अर्थच कळला नाही. कळला असता तर आले असते.”

ती शकूच्या डोक्याखालचा हात न काढता म्हणाली, “अवो, सारी हयात शेरडांना हाका मारण्यात गेली मामंजींची. बोलवल्यालं कळत न्हाय व्हय त्यास्नी?”